फुटबॉलची अकादमी : फी भरण्याआधी, फी भरल्यानंतर

उन्हाळी शिबिराच्या शेवटच्या दिवशी कोच सर बाजूला घेऊन म्हणतात, ‘‘याच्यात काहीतरी आहे हो, याला नियमित पाठवा.’’ जूनमध्ये घरात अकादमीचा फॉर्म येतो. सुरुवातीला आठवड्यातून तीन संध्याकाळी जायचं असतं. पुढच्या वर्षी ‘ॲडव्हान्स्ड बॅच’ लागते आणि तीनाचे पाच दिवस होतात. मग रविवारच्या स्पर्धा, बाहेरगावचे दौरे, नवे स्टड, दुखऱ्या गुडघ्यासाठी फिजिओ. दोन-तीन वर्षांत घराच्या सुट्ट्या, धाकटीचा नाचाचा क्लास, आजीकडे जायच्या फेऱ्या, सगळं एका मुलाच्या फुटबॉलच्या सोयीने ठरू लागतं. असं कुणी मुद्दाम ठरवलेलं नसतं. एकेका गोष्टीला ‘हो’ म्हणत गेलं की होऊन जातं.

मुलाने मोबाइल बाजूला ठेवून मैदानावर घाम गाळावा, हरावं, जिंकावं, चार वेगळ्या घरांतल्या मुलांशी जुळवून घ्यावं, हे कुठल्याही आईबापाला हवंच असतं. ते मिळत असेल तर अकादमीची फी सत्कारणी लागली. पण खेळाबरोबर घरात जो ताण शिरतो, त्याकडे वेळेवर बघायला हवं. त्यासाठी आधी आपल्याकडच्या अकादम्या कशावर चालतात हे समजून घेऊ.

तिथे काढतात, इथे काढत नाहीत

इंग्लंडमध्ये २०१२ पासून प्रीमियर लीगची ‘एलिट प्लेयर परफॉर्मन्स प्लॅन’ ही व्यवस्था लागू आहे. क्लबांच्या अकादम्यांना श्रेणी दिल्या जातात आणि नऊ वर्षांखालच्या गटापासून मुलांची रीतसर नोंदणी होते. खर्च क्लब करतो, पालक फी भरत नाहीत. त्याच्या बदल्यात क्लब एक-दोन वर्षांनी निकाल लावतो : ठेवलं किंवा सोडलं. आत गेलेल्यांपैकी अगदी मोजकी मुलं पहिल्या संघापर्यंत पोचतात. बाकीच्यांना कधी दहाव्या, कधी सोळाव्या वर्षी बैठकीत बोलावून नकार सांगितला जातो. इतकी वर्षं ‘अमक्या क्लबचा खेळाडू’ म्हणून ओळखलं गेलेलं मूल एका दिवसात काहीच उरत नाही. हा प्रश्न तिथे इतका वाढला की क्रिस्टल पॅलेस क्लबने २०२२ मध्ये सोडलेल्या तरुण खेळाडूंसाठी तीन वर्षं पाठपुरावा करणारी योजना सुरू केली.

आपल्याकडचा ताण वेगळ्या जातीचा आहे. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी (१९८७), गोव्यातली सेसा फुटबॉल अकादमी (१९९९) किंवा नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स (२०१५) अशा निवडून घेऊन स्वतः खर्च करणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकमधल्या बहुतेक अकादम्या पालकांच्या फीवर चालतात. त्यात गैर काही नाही. मैदानाचं भाडं, दिवे, कोचचं मानधन कुठून तरी यायलाच हवं. पण त्याचा परिणाम ध्यानात घ्या. फी भरणाऱ्या मुलाला कुणी काढत नाही. ‘‘तुमचा मुलगा चांगला खेळतो, पण व्यावसायिक फुटबॉल हा त्याचा रस्ता नाही,’’ असं स्पष्ट सांगण्यात अकादमीचं नुकसानच असतं. म्हणून तिथून पालकांना ऐकू येतं ते ‘अजून थोडी मेहनत’, ‘पुढच्या वर्षी एलिट बॅच’, ‘एक्स्पोजर हवं, दौऱ्याला पाठवा’.

इंग्लंडमधल्या पालकांना ‘नाही’ फार कठोरपणे ऐकावं लागतं. आपल्याला ते कुणी ऐकवतच नाही. त्यामुळे कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं, हे काम आपल्याकडे घरालाच करावं लागतं. या लेखातल्या पुढच्या सगळ्या सूचना त्यासाठीच आहेत.

अपेक्षांचं माप

सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झाला. नवी मुंबईत आणि गोव्यातही सामने रंगले, आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला. त्या संघातले २१ जण म्हणजे त्या वयाचे देशातले सर्वोत्तम. त्यांतले जीक्सन सिंग, सुरेश वांगजम, अन्वर अली असे काही जण पुढे वरिष्ठ भारतीय संघात स्थिरावले. बऱ्याच जणांना तसं जमलं नाही. देशातून वेचलेल्या एकविसांची ही कथा, तर आपल्या उपनगरातल्या ‘एलिट’ बॅचकडून काय अपेक्षा ठेवायची याचा अंदाज बांधता येतो.

पोचलेल्यांचं आयुष्यही निर्धोक नसतं. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) पुढचा हंगाम स्थगित झाला, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. पुण्याचं उदाहरण तर डोळ्यांसमोरचं आहे. पुणे एफसी २००७ मध्ये उभा राहिला आणि २०१५ मध्ये संपला. त्याची अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली, आणि २०१९ मध्ये तो क्लबही गुंडाळला जाऊन त्याची जागा हैदराबादने घेतली. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स हे दोघेही २०१७ नंतर राष्ट्रीय लीगमध्ये दिसले नाहीत. आठव्या वर्षी एखाद्या क्लबच्या अकादमीत गेलेलं मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत तो क्लबच शिल्लक असेल, याची खात्री नाही.

अशा वेळी कुणीतरी हॅरी केनचं नाव काढतं. आर्सेनलने त्याला लहानपणी सोडलं, आणि तो इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी सोडलं होतं, आणि २०१६ मध्ये तो लेस्टरबरोबर प्रीमियर लीग जिंकला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नकार मिळालेल्या मुलाला धीर द्यायला त्या जरूर सांगा. पुढच्या वर्षाची फी भरायची की नाही, हे मात्र त्यांवरून ठरवू नका.

फॉर्म भरण्याआधी विचारायचं ते

अकादमी बघायला जाल तेव्हा टर्फचं हिरवेपण आणि भिंतीवरचे परदेशी क्लबांचे लोगो क्षणभर बाजूला ठेवा. एखादं सत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा आणि पुढच्या गोष्टी विचारा.

१. माझ्या मुलाच्या बॅचला रोज कोण शिकवणार? माहितीपत्रकावर मुख्य प्रशिक्षकाचं नाव असतं आणि मैदानात शिकाऊ मुलगा उभा असतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं कोणतं लायसन्स त्या माणसाकडे आहे, हे विचारायला संकोच नको.

२. एका कोचमागे किती मुलं? तासाभरात आपलं मूल किती वेळ चेंडूला पाय लावतं आणि किती वेळ रांगेत उभं असतं, हे स्वतः मोजून बघा.

३. अकादमीला महासंघाचं मानांकन आहे का, कोणत्या श्रेणीचं? मुलं कोणत्या मान्यताप्राप्त स्पर्धांत उतरतात?

४. महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत मूल कोणत्या क्लबच्या नावावर लागणार? मध्येच सोडायचं झालं तर एनओसी किती दिवसांत देणार? पैसे मागणार का? हे तोंडी नको, लेखी घ्या.

५. वर्षभराचा पूर्ण खर्च किती? मासिक फी हा त्यातला एक भाग असतो. किट, स्पर्धांची प्रवेश फी, प्रवास, दौरे, ‘पर्सनल ट्रेनिंग’ हे सगळं धरून आकडा मागा. दौऱ्याला न गेलेलं मूल संघाबाहेर बसतं का, हेही विचारा.

६. शाळेच्या संघातून खेळायला परवानगी आहे का? याचं महत्त्व पुढे येईलच.

७. दुखापत झाली तर फी थांबते का? परतीची तारीख कोच ठरवतो की डॉक्टर?

आणि मुलगी असेल तर, किंबहुना मुलगा असला तरी, कपडे बदलायची जागा, स्वच्छतागृह आणि परगावच्या मुक्कामात सोबत कोण असतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

या प्रश्नांनी ज्या सरांच्या कपाळाला आठी पडते, तिथे पुढेही मोकळी उत्तरं मिळणार नाहीत. चांगला कोच प्रश्न विचारणाऱ्या पालकाला आदराने वागवतो.

शरीराचा हिशेब

क्रीडावैद्यकात एक सोपा आडाखा वापरतात : आठवड्याभरातलं शिस्तबद्ध खेळाचं प्रशिक्षण मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तासांचं नसावं. अकरा वर्षांच्या मुलाचं गणित करून बघू. अकादमी पाच दिवस दीड-दीड तास, म्हणजे साडेसात. शाळेच्या संघाचा सराव दोन तास. रविवारी स्पर्धेत तीन तास. बेरीज साडेबारा. पर्सनल ट्रेनरचा तास यात धरलेलाच नाही. प्रत्येक सर आपापल्या तासांचा विचार करतात. एकूण बेरीज फक्त घरालाच दिसू शकते, म्हणून ती घराने करायची. आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातले दोन-तीन महिने, सलग नाही तर तुटक, फुटबॉलला विश्रांती, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. त्या काळात मुलाने पोहावं, कबड्डी खेळावी, सायकल फिरवावी. पावसाळ्यात मैदानं बंद झाली की अकादम्या टर्फवर सरकतात. आपण तेव्हाच सुट्टी घ्यायला हरकत नाही.

वाढीच्या वयात दोन तक्रारी हमखास येतात. टाचेच्या मागे दुखणं, ज्याला डॉक्टर सेव्हर्स म्हणतात, आणि गुडघ्याखाली हाडाला आलेला दुखरा उंचवटा, ज्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. दोन्हींत हाडांची वाढ आणि स्नायूंची ओढ यांचा मेळ बसत नसतो. विश्रांती दिली, भार कमी केला की बहुतेक मुलं बरी होतात. ‘‘दुखणं सहन करायला शीक,’’ म्हणून पळवत ठेवलं तर महिनोन्‌महिने रखडतात. मूल लंगडत घरी आलं तर दुसऱ्या दिवशीचा सराव बंद, एवढा नियम घरात ठेवा. डोक्याला मार बसून गरगरलं, उलटी झाली किंवा मूल गोंधळल्यासारखं वागलं, तर त्या दिवशी पुन्हा मैदान नाही, सरळ डॉक्टर.

कोचला दोन गोष्टी जरूर विचारा. सरावाआधी ‘फिफा इलेव्हन प्लस’सारखा ठरलेला वॉर्म-अप घेतात का? साधारण वीस मिनिटांचा हा व्यायामक्रम दुखापती कमी करण्यासाठीच तयार झाला आहे, आणि मुलींना तर तो विशेष गरजेचा, कारण गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतीचा धोका त्यांना मुलांपेक्षा जास्त असतो. दुसरं, लहान मुलांकडून हेडिंगचा सराव करून घेतात का? इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांसाठी तो बंद केला.

जोरदार प्रशिक्षण सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून एकदा हृदयाची तपासणी करून घ्या. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असेल तर नक्कीच. वर ज्याचं नाव आलं त्या अन्वर अलीच्या हृदयातला दोष २०१९ मध्ये, विश्वचषक खेळून झाल्यावर, तपासणीत सापडला होता. तो पुढे पुन्हा खेळला, पण मधला काळ त्याने वैद्यकीय समित्या आणि कोर्टात काढला.

झोपेचं काय? सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, त्यापुढच्यांना आठ ते दहा तास झोप लागते. सात ते साडेआठची बॅच, ट्रॅफिकमधून घर, जेवण, उरलेला गृहपाठ आणि सकाळी साडेसहाची स्कूल बस, यात मूल सात तासही झोपत नाही. मग ‘हल्ली खेळात लक्ष नाही त्याचं’ अशी तक्रार येते. लक्ष असतं, झोप झालेली नसते.

वयाचे खेळ

फुटबॉलचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल त्याच गटात जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलाशी झुंजतं. दहाव्या-बाराव्या वर्षी हा फरक उंचीत, ताकदीत, वेगात ठळक दिसतो, आणि निवडीत थोराड मुलं पुढे जातात. आपलं मूल वर्षाच्या शेवटी जन्मलेलं किंवा उशिरा वाढणारं असेल तर संघाबाहेर बसण्याचा अर्थ गुणवत्ता नाही, असा काढू नका. त्याला तसं समजावूनही सांगा. उलट बाराव्या वर्षी केवळ उंचीच्या जोरावर गोल करणाऱ्या मुलाच्या पालकांनी हुरळून जाऊ नये. तीन वर्षांत बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात.

याच फरकामुळे एक घाणेरडी कुजबुज कानावर येते : ‘‘दाखल्यावर एक वर्ष कमी करून घेऊ, सगळेच करतात.’’ महासंघ मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासतो. पकडलं गेलं तर मुलावर बंदी येते. न पकडलं गेलं तरी खोटं वय घेऊन जगायचं ओझं तेरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर बसतं. अशी सूचना जिथून आली, तिथून मूल त्याच दिवशी बाहेर काढा.

रविवारी, टर्फच्या जाळीबाहेर

अकरा वर्षांखालच्या मुलांची रविवारची स्पर्धा कधी नीट बघा. जाळीला नाक लावून बाप उभे असतात. ‘‘पास दे!’’, ‘‘अरे शूट मार, शूट!’’, ‘‘मागे ये, मॅन पकड!’’ आतून कोच वेगळंच काही सांगत असतो. चेंडू पायात आलेलं मूल एक क्षण थबकतं आणि तेवढ्यात चेंडू जातो. त्यानंतर ते कुणाकडे बघतं ते पाहा. कोचकडे नाही, जाळीकडे. चूक झाली की आधी बापाच्या चेहऱ्याचा अंदाज घेणारं मूल पुढच्या वेळी चेंडू मागायलाच बिचकतं. फुटबॉलमध्ये धीट व्हायचं असेल तर चुकायची मुभा लागते, आणि ती मुभा पालकांनीच द्यायची असते.

मैदानाच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवा, दोन्ही संघांसाठी वाजवा. सूचना देऊ नका. रेफ्री बऱ्याचदा कॉलेजातला पोरगा असतो, त्याच्या अंगावर धावून जाऊ नका, कारण मूल ते बघत असतं. दुसऱ्याच्या मुलाबद्दल मोठ्याने काही बोलू नका, त्याची आई शेजारीच उभी असते.

मग परतीचा प्रवास. स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाला हेल्मेटमधून ऐकू येतं, ‘‘तो ओपन गोल कसा मिस केलास रे?’’ मुलाला ते माहीत असतं. सामन्यानंतरचा पहिला तास खेळाबद्दल प्रश्नच न विचारण्याचा नियम करा. ‘‘भूक लागली का? वडापाव खायचा?’’ एवढं पुरे. मूल आपण होऊन बोललं तर ऐका. संध्याकाळी विचारायचंच असेल तर, ‘‘मजा आली का?’’ आणि ‘‘आज काही नवीन करून बघितलंस का?’’ यापलीकडे जाऊ नका. चुकांचं विश्लेषण कोच करेल, त्याचेच तुम्ही पैसे देता.

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप हे आणखी एक मैदान. कुणाचा मुलगा कुठल्या ट्रायलला गेला, कुणाला ‘प्लेयर ऑफ द मॅच’ मिळालं, कुणी मुलाच्या नावाने इन्स्टाग्राम पेज काढलं. ग्रुप वेळापत्रकापुरता ठेवा. दहा वर्षांच्या मुलाच्या खेळाची रील करून टाकल्याने त्याला क्लब शोधत येत नाहीत. लोकांनी खाली काय लिहिलंय ते मात्र त्याच्या वाचनात येतं.

शाळा, पैसा आणि घरातली बाकीची माणसं

दहावीचं वर्ष आलं की दोन टोकाचे निर्णय होतात. एक तर खेळ पूर्ण बंद, नाही तर शाळेकडे सरळ दुर्लक्ष. दोन्हींची गरज नसते. नववीतच शाळा आणि कोच यांच्याशी बोलून आठवड्याचे दिवस कमी करा. पाचाचे दोन झाले तरी मुलाचा खेळ टिकतो, आणि तास-दीड तास धावून आलेलं मूल अभ्यासालाही बरं बसतं.

आता शाळेच्या संघाचा मुद्दा. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांची सवलत असो किंवा पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी लागते. शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धा, सुब्रतो चषकाच्या जिल्हा-विभाग-राज्य पातळ्या, संघटनेच्या अधिकृत निवड स्पर्धा यांचं प्रमाणपत्र उपयोगी पडतं. टर्फवरच्या खासगी ‘चॅम्पियन्स कप’चा चकचकीत करंडक शोकेसमध्ये छान दिसतो, पण या कामाला चालत नाही. अकादमी शाळेतून खेळायला मनाई करत असेल तर मुलाचं नुकसान होतंय. नेमके नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एक चक्कर मारून या.

पैशाबाबत एकच शिस्त पुरेशी आहे. वर्षाच्या सुरुवातीला आकडा ठरवा आणि तो घरातल्या बाकी गरजांना हात न लावता निघणारा असू द्या. कर्ज काढून, दागिने मोडून, पीएफ काढून अकादमी नको. कारण पैशाचं ओझं मुलाला न सांगताही कळतं. ‘‘तुझ्यासाठी आम्ही काय काय करतोय’’ हे वाक्य घरात ज्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं जातं, त्या दिवसापासून मूल आपल्या आनंदासाठी खेळत नाही, ते हप्ते फेडायला मैदानात उतरतं.

धाकट्या भावंडाकडेही बघा. दर रविवारी जाळीबाहेर मोबाइल धरून बसलेल्या त्या सहा वर्षांच्या मुलीचाही रविवार असतो. महिन्यातला एक रविवार तिच्या नावाने राखून ठेवा, त्या दिवशी स्पर्धा असली तरी. आणि नेण्या-आणण्याचं काम एकट्या आईवर पडत असेल, तिने त्यासाठी नोकरीचे तास कमी केले असतील, तर तोही अकादमीचाच खर्च आहे. हिशेबात धरा.

दूरची अकादमी, परदेशाचं आमिष

निवासी अकादमीचा विचार मुलाने स्वतः, पुन्हा पुन्हा बोलून दाखवला तरच करा. बारा-तेराव्या वर्षी घर सोडणं ही लहान गोष्ट नाही. तिथली शाळा कोणती, रात्री वॉर्डन कोण, फोन कधी करता येतो, आजारी पडल्यास डॉक्टर कोण, हे बघा. एका खोलीत किती मुलं राहतात आणि मागच्या तीन वर्षांत किती मुलं मध्येच परत गेली, हे तिथल्या मुलांना विचारा, कार्यालयाला नाही.

‘स्पेनमध्ये ट्रायल’, ‘पोर्तुगालच्या क्लबशी टाय-अप’ अशा जाहिरातींपुढे एक नियम लक्षात ठेवा. फिफाच्या नियमांतलं १९ वं कलम अठरा वर्षांखालच्या खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरला मनाई करतं. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. म्हणजे चौदा वर्षांच्या आपल्या मुलाला परदेशी क्लब ‘साइन’ करेल, असं कुणी म्हणत असेल तर तो एक तर अडाणी आहे, नाही तर लबाड. २०२३ मध्ये पोर्तुगालमध्ये एका फुटबॉल अकादमीवर तपास यंत्रणांनी छापा घातला, तेव्हा निरनिराळ्या देशांतून आणलेली डझनावारी अल्पवयीन मुलं तिथे सापडली. मुलाचा मूळ पासपोर्ट कुणाच्याही हातात देऊ नका. पैसे भरून दोन आठवड्यांचं शिबिर करून येणं वेगळं. ती सहल आहे, तशीच धरा.

विश्वास ठेवा, पण डोळे उघडे ठेवून

कोच आणि मूल यांच्यात फार मोठी विषमता असते. संघात कोण खेळणार हे एक माणूस ठरवतो, आणि मुलाला तोच माणूस खूश हवा असतो. इंग्लंडमध्ये २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड या माजी खेळाडूने लहानपणी कोचकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल तोंड उघडलं, आणि त्याच्या पाठोपाठ शेकडो जण बोलते झाले. आपल्याकडे २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या भारतीय संघाच्या युरोप दौऱ्यावरून सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून हटवण्यात आलं.

म्हणून काही गोष्टींवर तडजोड नाही. सत्र बघायला पालकांना कायमची बंदी असलेली अकादमी नको. कोच मुलाला एकट्याला वैयक्तिक मेसेज करत असेल तर ते थांबवा, संवाद पालकांच्या ग्रुपवर होऊ द्या. दौऱ्यात मोठ्या माणसाने मुलाच्या खोलीत एकट्याने झोपायचं नाही. मुलींच्या संघाबरोबर बाई हवीच. शिव्या, कानाखाली मारणं, वजनावरून किंवा रंगावरून टोमणे यांना ‘कडक शिस्त’ हे नाव देऊ नका. मूल अचानक सरावाला जायला टाळू लागलं, एखाद्या सरांचं नाव निघताच गप्प होऊ लागलं, तर आधी त्याच्या बाजूने उभे राहा, चौकशी मग. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे. लैंगिक गैरवर्तनाला २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो आणि त्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. ‘अकादमीचं नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण आपापसांत मिटवायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

थांबायचं कधी

मूल थकलंय की त्याचं मन उडालंय, हे ओळखायला थोडा वेळ द्यावा लागतो. थकलेलं मूल आठवडाभर विश्रांती मिळाली की स्वतःच चेंडू शोधतं. मन उडालेलं मूल सरावाच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणतं, पाऊस पडून सत्र रद्द झालं की खुलतं, गल्लीतही खेळायला जात नाही. तसं दिसलं तर महिनाभर पूर्ण थांबा. त्या महिन्यात फुटबॉलचा विषय तुम्ही काढायचा नाही. परत जायचं असेल तर मूलच म्हणेल.

सोडायचं ठरलं तर त्याला अपयशाचा रंग देऊ नका. नातेवाइकांना काय सांगायचं हे मुलाला विचारून ठरवा. ‘‘चार वर्षांचे पैसे पाण्यात गेले,’’ असं त्याच्यासमोर कधी म्हणू नका. धावणारं शरीर, जिव्हाळ्याचे मित्र आणि हरून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायची सवय हे सगळं त्याच्याजवळच राहतं. फुटबॉलही कुठे जात नाही. कॉलेजचा संघ आहे, जिल्हा लीगचे छोटे क्लब आहेत, कोल्हापुरात तर पेठांच्या तालमींचे संघ आहेत. रेफ्रीचा कोर्स, कोचिंगचं डी लायसन्स, फिजिओथेरपीचं शिक्षण हेही या खेळातच राहायचे रस्ते आहेत.

आणि हे सगळं वेळेवर घडावं म्हणून वर्षातून एकदा घरात बैठक घ्या. मुलाला तीन गोष्टी विचारा : पुढचं वर्ष खेळायचं आहे का, किती दिवस, आणि या वर्षी काय नकोसं झालं? त्याचं उत्तर मध्ये न बोलता ऐका. मग तासांची बेरीज, खर्चाचा आकडा, झोप, शाळा आणि भावंडं, एवढं कागदावर मांडा आणि ठरवा. मुलाने ‘नको’ म्हटलं तर ते मान्य करायची तयारी ठेवूनच बसा, नाही तर बैठकीला अर्थ नाही. आणि ही बैठक अकादमीकडून फीची आठवण येण्याआधी व्हायला हवी. एकदा फी भरली की घरात जो तो भरलेल्या पैशांचाच विचार करत बसतो.